बघ्यांचा इतिहास कसा लिहायचा? माळीणच्या निमित्ताने

पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी मोशीतून नाशिक रस्त्याला लागलेल्या बऱ्याच गाड्या भीमाशंकरला निघालेल्या असतात. चाकण, राजगुरुनगर, मंचर, तिथून डावीकडे घोडेगाव आणि पुढे डिंभे धरण. त्याच भागात एक फाटा माळीणला जातो. 30 जुलै 2014 च्या सकाळी या गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसं गेली. नेहमीच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही, आणि त्याच्यामुळे बाहेर खबर लागली. आज तिथे मृतांचं स्मारक आहे. वाचलेल्यांसाठी आमडे इथे वसवलेलं नवं गाव 2017 मध्ये त्यांच्या ताब्यात दिलं गेलं.

मग ‘भीमाशंकरहून येताना जाता जाता माळीणही बघू’ असं कुणी म्हटलं, तर त्यात चूक काय? आठवडाभर कारखान्यात राबलेल्या माणसाची सुट्टी हा काही गुन्हा नाही. शिवाय रस्ता सगळ्यांचा आहे. म्हणून ‘बघे वाईट, मदत करणारे चांगले’ असा झटपट निकाल देण्याआधी संशोधकाचा प्रश्न विचारू: बघ्यांचा इतिहास लिहायचा तर तो सापडतो कुठे?

आपत्तीच्या सरकारी अहवालात मृत, जखमी, पडलेली घरं आणि वाटलेली मदत यांची मोजदाद असते. बघ्यांचा रकाना नसतो. ते सापडतात मनाईत. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर प्रशासनाने त्या परिसरात बाहेरच्यांना मज्जाव करणारा आदेश काढला. माळीणनंतर बरोबर 10 वर्षांनी, 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तेव्हा केरळ पोलिसांना समाजमाध्यमांवर आवाहन करावं लागलं: बघायला म्हणून येऊ नका, बचावकार्यात अडथळा येतो. 1993 च्या किल्लारी भूकंपातही बघ्यांची आणि नेत्यांच्या ताफ्यांची गर्दी मदतीच्या आड आली होती. हे फक्त आपल्याकडचंच नाही. 1966 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावात कोळशाच्या खाणीचा ढिगारा शाळेवर घसरला, 116 मुलं दगावली, आणि तिथेही लांबून लोक बघायला आले.

म्हणजे सूत्र सोपं वाटतं: मनाई केली, त्याअर्थी लोक येत होते. पण इथे थांबा. आदेशातून प्रशासनाची धास्ती कळते, लोकांची संख्या कळत नाही. एकाच आदेशाने पर्यटक अडतो, पत्रकार अडतो आणि कधी नातेवाईकही अडतो. इर्शाळवाडीचंच बघा. इर्शाळगडावर जाणारे ट्रेकर याच वाडीतून जायचे. दरडीनंतर मदतीला धावलेल्यांतही ट्रेकर होते, कारण त्यांना अंधारात ती वाट चढता येत होती. तेव्हा ‘पर्यटक’ आणि ‘मदतनीस’ या दोन वेगळ्या जाती आहेत असं गृहीत धरलं, तर साधनं चुकीची वाचली जातील.

1996 मध्ये लेनन आणि फोली या अभ्यासकांनी ‘डार्क टुरिझम’ ही संज्ञा रूढ केली. संज्ञा उपयोगी आहे, पण ती ऑशविट्झचं संग्रहालय आणि माळीणचा उतार एकाच खणात टाकते. मला त्यापेक्षा काळाचा हिशोब महत्त्वाचा वाटतो. शोधकार्य चालू असताना प्रश्न रस्त्याचा असतो. डोंगरातल्या अरुंद वाटेवर उभी केलेली एक गाडी रुग्णवाहिका अडवू शकते. तिथे हेतू कितीही चांगला असो, फरक पडत नाही. शोधकार्य थांबल्यावर प्रश्न बदलतो. इर्शाळवाडीत 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवला गेला. म्हणजे आपण ज्याला ‘स्पॉट’ म्हणतो, ती घरच्यांसाठी आपल्या माणसांची शेवटची जागा आहे. स्मारक उभं राहिल्यावर तिथे जाण्याची एक रीत तरी तयार होते. तरीही ते स्मारक आधी त्यांचं असतं, मग आपलं.

आता तुमचा प्रश्न. उद्या फील्डवर्कसाठी तुम्ही अशाच गावात जाल. हातात वही, खिशात रेकॉर्डर. समोरच्याला तुम्ही वेगळे का वाटावेत? ‘मी अभ्यासाला आलोय’ हे पुरेसं उत्तर नाही, कारण तोही तुमचाच फायदा. माझ्या मते फरक दोन गोष्टींनी पडतो: समोरच्याला नाही म्हणता येतं का, आणि त्याने आधीच जे सांगून ठेवलंय ते तुम्ही वाचून आलात का. आपत्तीतल्या माणसाने तीच हकीकत पत्रकारांना, तलाठ्याला, पंचनाम्याला, नेत्यांना सांगितलेली असते. म्हणून आधी वर्तमानपत्रांचे अंक, शासननिर्णय आणि पुनर्वसनाची कागदपत्रं संपवा. जे कागदावर नाही तेवढंच विचारायला जा.

दिवसही नीट निवडा. 30 जुलैला माळीणमध्ये नातेवाईक श्रद्धांजलीसाठी जमतात. सगळे एकाच जागी भेटतील म्हणून तो दिवस संशोधकाला सोयीचा वाटतो, आणि नेमका म्हणूनच तो टाळावा. कुणी बोलायला नकार दिला, तर त्या व्यक्तीची ओळख न ठेवता तेवढी नोंद वहीत करा. आपत्तीला 10 वर्षं झाल्यावरही माणसं बोलायला तयार नसतील, तर तीसुद्धा त्या गावाच्या इतिहासातली माहितीच आहे.