मानसिक सुरक्षितता (कार्यस्थळातील)

मानसिक सुरक्षितता : एकत्र काम करणाऱ्या माणसांना शंका विचारताना, चूक कबूल करताना, मदत मागताना किंवा वरिष्ठाच्या म्हणण्याला हरकत घेताना आपला पाणउतारा होणार नाही, पुढे त्याचे उट्टे काढले जाणार नाही, असा जो सामाईक भरवसा असतो त्याला संघटन-मानसशास्त्रात मानसिक सुरक्षितता म्हणतात. हा गुण व्यक्तीपेक्षा गटाचा मानला जातो. एका वॉर्डात मोकळेपणाने बोलणारी परिचारिका बदली होऊन दुसऱ्या वॉर्डात गेली की गप्प होऊ शकते. स्वभाव तोच असतो. भोवतालची माणसे आणि त्यांचा प्रमुख बदललेला असतो. म्हणून निर्भीड माणसे निवडून कामावर घेतल्याने प्रश्न सुटत नाही. प्रमुख कसा वागतो आणि बोलण्यासाठी कोणती ठरलेली रीत आहे, यांवर सारे अवलंबून असते.

एडगर शाइन आणि वॉरन बेनिस यांनी १९६५ मध्ये या संकल्पनेची मांडणी केली. संस्थेत बदल घडवायचा तर माणसांना आधी सुरक्षित वाटले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. विल्यम कान यांनी १९९० मध्ये एका उन्हाळी शिबिरातील आणि एका वास्तुरचना संस्थेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून, माणूस कामात जीव कधी ओततो आणि अंग कधी काढून घेतो, याचा शोध घेतला. आज रूढ असलेला अर्थ मात्र हार्व्हर्ड बिझनेस स्कूलमधील एमी एडमंडसन यांच्या कामातून आला.

त्यांचे पहिले निष्कर्ष अपेक्षेच्या अगदी उलट निघाले. दोन रुग्णालयांतील आठ परिचर्या-गटांत औषधे देताना किती चुका होतात, हे त्या तपासत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील, असे गृहीत होते. आकडे आले तेव्हा चांगले नेतृत्व आणि आपसांतले चांगले संबंध असलेल्या गटांतच चुकांच्या नोंदी जास्त होत्या. हे निष्कर्ष माहीत नसलेल्या एका सहायकाने वॉर्डांत राहून निरीक्षण केले, तेव्हा उलगडा झाला. काही गटांत परिचारिका चूक लगेच सांगत, तिच्यावर चर्चा होई. काही गटांत चूक सांगणारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राही, म्हणून चुका झाकल्या जात. म्हणजे आकडे चुकांचे नव्हते, सांगितलेल्या चुकांचे होते. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास १९९९ मध्ये आला आणि त्यातली सात विधानांची प्रश्नावली आजही मोजमापासाठी वापरतात. कोणत्याही कचेरीत, कारखान्यात किंवा इस्पितळात ‘आमच्याकडे तक्रारच नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा हा अभ्यास आठवणे अगत्याचे आहे.

विमानाच्या कॉकपिटमध्ये : गप्प बसण्याची किंमत सर्वांत स्पष्टपणे हवाई वाहतुकीत नोंदली गेली, कारण तिथे शेवटची वाक्ये ध्वनिमुद्रित होतात. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मरण पावली. डच विमानाचा कप्तान आपल्या कंपनीत ७४७ च्या वैमानिकांना शिकवणाऱ्यांचा प्रमुख होता. त्याने इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा परवानगी अजून मिळालेली नाही, हे सहवैमानिकाने एकदा लक्षात आणून दिले. दुसऱ्यांदा कप्तान निघाला तेव्हा सहवैमानिक त्याला थांबवू शकला नाही. समोरचे विमान धावपट्टीवरून अजून हटले नाही का, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले. कप्तानाने ठासून ‘हटले’ असे उत्तर दिले आणि तो प्रश्न तिथेच संपला.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान इंधन संपून कोसळले आणि दहा जण दगावले. चाकांच्या बिघाडात गुंतलेला कप्तान सुमारे तासभर घिरट्या घालत होता. इंधन संपत आले आहे, हे सहकाऱ्यांना दिसत होते. ते आडून आडून सुचवत राहिले, ठणकावून कोणीच सांगितले नाही. तपास यंत्रणेने यावर नेमके बोट ठेवले : कप्तानांना ऐकायला आणि कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवा. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण आकाराला आले आणि १९८१ पासून युनायटेडने ते सुरू केले.

हे शिक्षण आरंभी वैमानिकांपुरतेच होते. ते तेवढ्यावर ठेवून चालणार नाही, हे १० मार्च १९८९ च्या कॅनडातील ड्रायडन अपघाताने दाखवले. पंखांवर बर्फ साचलेले असताना विमान उडाले आणि कोसळले. २४ जण मरण पावले. केबिनमधल्या हवाई सेविकेला तो बर्फ दिसला होता. पण उड्डाणाच्या बाबतीत वैमानिकांना सांगायला जाऊ नये, अशीच तिथली शिकवण होती. सर्वसमावेशकता म्हणजे वार्षिक अहवालातले हसरे छायाचित्र नव्हे, हे एवढ्या एका घटनेतून पुरेसे कळते. ज्याला पंख दिसतो त्याचे म्हणणे विमान चालवणाऱ्यापर्यंत पोचले पाहिजे. मग तो पाणी देणारा असो की पगाराच्या यादीत सर्वांत खाली असलेला.

याची दुसरी बाजू त्याच वर्षी दिसली. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या डीसी-१० विमानाची हायड्रॉलिक यंत्रणा आकाशातच पूर्ण निकामी झाली. सुकाणूच उरले नव्हते. कप्तान अल हेन्स यांनी प्रवाशांमध्ये बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतले, प्रत्येकाचे मत विचारत, केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत ते विमान सू सिटीला उतरवले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी नंतर त्याचे श्रेय या प्रशिक्षणाला दिले.

भारतातील उदाहरण मंगळुरूचे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले; १५८ जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्याविषयी तीनदा सांगितले होते. चौकशी न्यायालयाच्या अहवालातली एक नोंद विचार करायला लावणारी आहे : सहवैमानिकाने स्वतः विमान वर न्यावे की नाही, याबाबतच्या निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती आणि बहुधा त्यामुळेच तो सांगत राहिला, पण ताबा घेतला नाही. बोलण्याची मुभा होती. बोललेले ऐकले गेले नाही तर पुढे काय करायचे, हे लेखी स्वच्छ नव्हते. संवादावर बोलणाऱ्या बहुतेक व्याख्यानांत हाच भाग गळतो.

शस्त्रक्रियागृहात : जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी आणली. तिच्यामागे बोस्टनमधील शल्यचिकित्सक अतुल गावंडे होते. त्यांचे वडील मूळचे विदर्भातले. यादीतील बरेच मुद्दे तांत्रिक आहेत : रुग्ण तोच का, बाजू तीच का, प्रतिजैविक दिले का. पण छेद घेण्याआधी सगळे क्षणभर थांबतात आणि प्रत्येकजण आपले नाव व काम मोठ्याने सांगतो, हाही त्यातलाच एक मुद्दा आहे. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, साहाय्य करणारी परिचारिका, सगळेच. कालच रुजू झालेल्या परिचारिकेचे तोंड एकदा स्वतःच्या नावापुरते उघडले, की दहा मिनिटांनी ‘सर, एक बोळा मोजणीत कमी येतोय’ असे सांगताना ते अडत नाही. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले.

पुढे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ही यादी सक्तीची झाली. १०१ रुग्णालयांचा २०१४ मधील अभ्यास मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दाखवू शकला नाही. यावर बराच वाद झाला. खुणा करून कागद फाइलला लावणे आणि थांबून एकमेकांशी बोलणे यांतला फरक हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते आणि सरकारी वा खासगी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ते पटण्यासारखे आहे.

प्रमुखाचे वर्तन : इंग्रिड नेम्बहार्ड आणि एडमंडसन यांनी २००६ मध्ये २३ नवजात अतिदक्षता विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डॉक्टरांना सर्वांत सुरक्षित वाटत होते आणि व्यवसायातील स्थान जसे खाली जाई तसा तो भरवसा कमी होत होता. पण जिथे प्रमुख डॉक्टर इतरांना आवर्जून बोलते करत आणि त्यांच्या म्हणण्याची कदर करत, तिथे ही दरी अरुंद झालेली दिसली. उतरंड मोडावी लागली नव्हती. तिच्या माथ्यावरचा माणूस कसा वागतो तेवढे बदलले होते.

हे वागणे अगदी लहानसहान गोष्टींतून घडते. बैठक संपताना ‘कुणाला काही शंका?’ असे विचारले की माना हलतात आणि खुर्च्या सरकतात. तोच प्रमुख ‘या वेळापत्रकात पहिल्यांदा कुठे अडेल?’ असे विचारून सर्वांत नवख्या माणसाकडे आधी वळला आणि स्वतःचे मत शेवटी मांडले, तर गोदामातली अडचण बाहेर येते. निर्णायक क्षण त्यानंतरचा असतो. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिले वाक्य काय ऐकू येते? ‘बरं झालं वेळेवर सांगितलंत, आता काय करता येईल ते बघू’ हे वाक्य आणि ‘तुम्ही तेव्हा काय करत होता?’ हे वाक्य, दोन्ही चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्यावर पोचलेली असतात. पुढची बातमी येणार की नाही, ते तिथे ठरते. टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराने दोष दिसताच अँडनची दोरी ओढायची असते. दोरी ओढली की गटप्रमुख धावत मदतीला येतो, आणि मदत वेळेत झाली नाही तर उत्पादन थांबते. दोरी कोणालाही विकत घेता येते. धावत येणाऱ्याचा सूर घडवायला वर्षे लागतात.

मौनाचे अलिखित नियम : जेम्स डेटर्ट आणि एडमंडसन यांनी २०११ मध्ये कर्मचारी मनाशी बाळगत असलेल्या अशा काही समजुती मांडल्या : चारचौघांत साहेबाला अडचणीत आणू नये, त्याला ओलांडून वर जाऊ नये, पुरावा किंवा उपाय हाती असल्याशिवाय बोलू नये. हा अभ्यास अमेरिकेतला असला तरी मराठी वाचकाला यातली एकही समजूत परकी वाटणार नाही. आपल्याकडे तिच्यात आणखी काही थर मिसळतात. पंचवीस वर्षांचा अधिकारी पन्नाशीच्या शिपायाला एकेरीत हाक मारतो. बैठक इंग्रजीत चालते आणि इंग्रजी अडखळणारी हुशार मुलगी वहीत लिहीत राहते. नव्या माणसाचे आडनाव ऐकून काहीजण त्याची जात हुडकतात आणि त्यावरून त्याच्या मताचे वजन ठरते. कंत्राटी सफाई कामगाराला बैठकीचे बोलावणेच नसते. गळणारा नळ मात्र आधी त्याला दिसतो. ‘माझं दार सर्वांना उघडं आहे’ असे सांगणाऱ्या प्रमुखाने हे ध्यानात घ्यावे, की त्या दारापर्यंत चालत जाण्याचा धोका त्याने समोरच्यावरच टाकलेला असतो. उठून त्यांच्या टेबलापर्यंत जाणे हे त्याचे काम आहे.

गैरसमज आणि मर्यादा : गूगलने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट अ‍ॅरिस्टॉटल’मध्ये १८० गटांचा अभ्यास झाला. गटात कोण आहे यापेक्षा गट कसा वागतो हे महत्त्वाचे ठरले आणि मानसिक सुरक्षितता यादीत अग्रभागी आली. त्यानंतर हा शब्द मनुष्यबळ विभागांच्या तोंडी बसला आणि त्याला गोडगोड बोलण्याचा अर्थ चिकटला. एडमंडसन यांनी तो वारंवार नाकारला आहे. कामाचा दर्जा कसोशीने मागणे आणि बोलायला भीती न वाटणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भीती नाही आणि दर्जाचा आग्रहही नाही, तिथे सुस्ती येते. दर्जाचा आग्रह आहे पण तोंड उघडायची सोय नाही, तिथे माणसे धास्तावून काम करतात आणि आकडे रंगवतात. शिवाय प्रमुखाच्या सद्भावनेवर उभी असलेली सुरक्षितता त्याच्या बदलीबरोबर जाते. म्हणून तिला लेखी आधार लागतो.

भारतात असा सर्वांत महत्त्वाचा आधार स्त्री-कर्मचाऱ्यांच्या लढ्यातून मिळाला. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भंवरी देवी यांच्यावर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. त्या प्रकरणामुळे महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल लागला. त्यातील मार्गदर्शक तत्त्वांवर २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा उभा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. बाहेरच्या सदस्याची तरतूद विशेष मोलाची, कारण त्याची बढती त्या साहेबाच्या हाती नसते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची आणि नावे गुप्त ठेवायची. लहान आस्थापना आणि घरकामगार स्त्रिया यांच्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता घरकाम करणाऱ्या किती जणींना ठाऊक असतो, हे आपापल्या सोसायटीत विचारून पाहावे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल देताना १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवले आणि सर्व मंत्रालये, विभाग, सार्वजनिक उपक्रम व संस्थांमध्ये या समित्या प्रत्यक्षात स्थापन झाल्या आहेत की नाहीत, हे ठरावीक मुदतीत तपासण्याचा आदेश केंद्र आणि राज्य सरकारांना दिला. कायदा लागू होऊन तेव्हा नऊ वर्षे उलटली होती.