मावळचे पाणी आणि मेहेरबाईंचा न्यास

१८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने वारल्या. वय अवघे ५१. वर्ष उलटायच्या आत, एप्रिल १९३२ मध्ये, त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या नावाने 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट' हा न्यास केला, आणि ३ जून रोजी जर्मनीतल्या बाड किसिंगेन येथे तेही गेले. न्यासाच्या उत्पन्नाची वाटणी त्यांनी ठरवून ठेवली होती. पाचातले चार भाग ल्युकेमियावरच्या संशोधनाला, मग ते जगात कुठेही चाललेले असो. उरलेला एक भाग हिंदुस्थानात रोगांची पीडा कमी करणाऱ्या संशोधनाला.

टाटांचा पैसा म्हटले की वाचकांना जमशेदपूर आठवते. मावळच्या इतिहासाची कागदपत्रे चाळणाऱ्या मला आधी लोणावळ्याचे वळवण धरण आठवते. म्हणून या न्यासाची गोष्ट मी घाटमाथ्यावरून सांगणार आहे.

सह्याद्रीच्या कड्यावर पडणारा पाऊस स्वभावाने पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जातो. तो अडवून पश्चिमेला कोकणात सोडायचा, ही कल्पना जमशेटजींच्या काळातली. ती प्रत्यक्षात आणली दोराबजींनी. १९१० मध्ये वीज कंपनी निघाली, १९११ मध्ये लोणावळ्यात गव्हर्नरांच्या हस्ते कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे साठवलेले पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीला उतरले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. पुढे आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. मग पाळी आली मुळशीची.

मुळशी आजच्या मावळ तालुक्यात येत नाही. पण बारा मावळांच्या जुन्या हिशोबात ते पौड खोरे, आणि आंबेमोहोर पिकवणारे ते शेतकरी स्वतःला मावळेच म्हणवत. तिथे जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीने चर खणायला सुरुवात केली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. कमी सांगितली जाते ती सावकारांची बाजू. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण किंवा त्यांच्या मालकीची होती. त्यांना भरपाईची रक्कम सोयीची वाटली, आणि लढ्यात फूट पडली. कुळांना सोय नव्हती. त्यांचे देव, घरे, स्मशाने पाण्याखाली जाणार होती. सुमारे पन्नास गावे उठली. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. या साऱ्या काळात टाटा सन्सच्या अध्यक्षपदी दोराबजीच होते.

१९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सारी संपत्ती 'सर दोराबजी टाटा ट्रस्ट'ला दिली, तीही मेहेरबाईंच्या जाण्यानंतरच. टाटा सन्समधला हिस्सा, स्थावर मिळकत, दागिने, सारे मिळून त्या काळच्या हिशोबाने सुमारे एक कोटी रुपये. दागिन्यांत मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा होता, सुमारे २४५ कॅरटचा. १९२४ मध्ये पोलाद कारखाना बुडायला आला तेव्हा तो इतर दौलतीबरोबर बँकेत तारण ठेवला होता. यातला कुठला रुपया वळवणच्या पाण्याचा आणि कुठला पोलादाचा, हे वेगळे काढता येणार नाही. गिरणी, पोलाद आणि वीज एकाच पेढीच्या छत्राखाली होती. पण मावळचा वाटा त्यात होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता आजाराकडे. फिर्खोने १८४७ मध्ये ल्युकेमिया हे नाव रूढ केले. त्यानंतर ८० वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मेहेरबाईंच्या डॉक्टरांपाशी सोमलाचे थेंब आणि क्ष-किरण, यापलीकडे फारसे काही नव्हते. आजार विरळा, त्यावर औषध काढून नफा होईल असे कुणाला वाटत नव्हते. इकडे सरकारी संशोधनाला प्लेग, कॉलरा, मलेरिया आणि काळा आजार यांतूनच सवड नव्हती. सरकारचा वैद्यकीय संशोधन निधीही १९११ चाच, लोणावळ्याच्या कोनशिलेच्या वर्षीचा. लाखोंनी माणसे मरत असताना त्याने हजारांत एखाद्याच्या आजाराकडे पाहावे, अशी अपेक्षाच चुकीची ठरली असती. असे आजार बाजार आणि सरकार या दोघांच्याही हातून निसटतात. त्यांना हवा असतो आपल्या घरात तो आजार पाहिलेला आणि घाई नसलेला पैसा.

चार भाग बाहेर का, असा प्रश्न मला एका व्याख्यानानंतर विचारला गेला. प्रश्न रास्त आहे: भात पिकवणारी खोरी बुडाली इथे, आणि पैसा गेला युरोपातल्या प्रयोगशाळांना. माझे मत दोराबजींच्या बाजूने आहे. १९३२ मध्ये या एका आजारावर काम करील अशी सोय आपल्याकडे जवळपास नव्हती. आणि विरळ आजाराचे रुग्ण एका देशात गोळा होत नाहीत, त्याचे जाणकारही नाहीत. देणगीदाराने राष्ट्रीयत्व न पाहता शास्त्रज्ञांच्या समितीच्या सल्ल्याने पैसे वाटावेत, हा विचार त्या काळात धाडसाचाच होता.

ल्युकेमिया हा बहुतांशी आईबापांकडून येणारा आजार नाही, पण तो जनुकांचाच आहे. रक्तपेशीतल्या जनुकांत आयुष्यात कधीतरी बिघाड होतो. हे कळायला अर्धे शतक गेले. १९४८ मध्ये बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी मुलांमधला ल्युकेमिया काही काळापुरता मागे हटवला. ते औषध आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या रसायनशास्त्रज्ञांनी बनवले होते. १९६० मध्ये फिलाडेल्फियात एका प्रकारच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी दाखवले की ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्याच धाग्यावर बेतलेली इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये मिळू लागली. हे सारे मेहेरबाईंच्या न्यासाच्या पैशावर झाले, असा माझा मुळीच दावा नाही. एका विरळ आजाराला किती माणसे, किती देश आणि किती दशके लागतात, ते यातून दिसते.

घरचा पाचवा भागही अगदी एकटा पडला नाही. दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथे व. रा. खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला, आणि १९४९ मध्ये एल. डी. संघवी यांच्यासह मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांच्या आनुवंशिक लक्षणांवर निबंध प्रसिद्ध केला. जातीच्या आतच लग्ने होणाऱ्या समाजात विरळ जनुकदोष कसे साठत जातात, हे समजायला पुढच्यांना अशाच कामाचा आधार लागणार होता. मेहेरबाईंचे भाचे होमी भाभा यांची संस्था १९४५ मध्ये याच ट्रस्टच्या मदतीने उभी राहिली, तो विषय वेगळा.

आज दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे, लोकवर्गणीसाठी सरकारी संकेतस्थळही आहे. स्नायूंच्या एका जनुकीय आजारावरच्या १६ कोटींच्या इंजेक्शनासाठी महाराष्ट्रातल्या काही कुटुंबांनी लोकांपुढे झोळी पसरलेली आपण पाहिली. लोकांनी भरभरून दिलेही. पण तो सारा पैसा परदेशी बनलेल्या एका कुपीच्या किमतीत जातो. तसली कुपी इथे बनावी म्हणून २० वर्षे चालणाऱ्या प्रयोगशाळेला वर्गणी मागणे फार अवघड. तिथे दाखवायला मुलाचा फोटो नसतो.

लेडी टाटा न्यास अजूनही ल्युकेमियाच्या अभ्यासकांकडून अर्ज मागवतो. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही वीजगृहेही चालू आहेत, आणि भीमेचे पाणी अजून पश्चिमेलाच उतरते.