डब्यातल्या तबकड्या

गेल्या भाऊबीजेला माझा भाचा काळा टी-शर्ट घालून आला. सणाच्या दिवशी काळे कापड अंगाला लावणे हाच आमच्या आईच्या लेखी अपराध. त्यात त्या काळ्यावर छातीभर पांढऱ्या रेघांचे डोंगर. "हे कसले रे डोंगर?" असे तिने विचारले, तेव्हा "एका बँडचे आहेत, आजी," एवढे सांगून तो करंजीकडे वळला. त्याला अधिक ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. हे संगीत तो रात्र रात्र ऐकत बसतो. पण "तुमचे ते पोस्ट-पंक म्हणजे नेमके काय?" असे मी विचारल्यावर त्याने जे उत्तर दिले, त्यामुळेच हा लेख लिहावयास बसलो. तो म्हणाला, "मामा, पोस्ट-पंक म्हणजे उदास गाणी."

हे मत त्याचे एकट्याचे असते तर मी हसून सोडून दिले असते. परंतु पुष्कळ जाणकारांचीही हीच समजूत आहे, आणि माझ्या मते ती एका माणसाच्या मृत्यूमुळे झालेली आहे. ती खोडून काढावयाची तर गोष्ट थोडी मागून सुरू केली पाहिजे.

मँचेस्टर हे नाव आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक झाले ते धोतरजोडीमुळे. स्वदेशीच्या चळवळीत होळ्या झाल्या त्या याच विलायती कापडाच्या. १९७६ साली मात्र त्या शहराचा कापडाचा धंदा जवळजवळ बसलेला होता. गिरण्या बंद, वखारी रिकाम्या, आणि तरुण पोरे नोकरीच्या कचेरीपुढे रांगेत. गिरणगावातल्या वाचकाला या चित्राची फोड करून सांगावयास नको. अशा त्या गावी ४ जून १९७६ रोजी लेसर फ्री ट्रेड हॉल नावाच्या लहानशा सभागृहात लंडनच्या सेक्स पिस्टल्स या चमूचा कार्यक्रम झाला. हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक तरुणांनी तो भरविला होता. श्रोते जेमतेम चाळीस-पन्नास. वादन बेताचेच होते, आणि गंमत अशी की, तेच पाहून श्रोत्यांना धीर आला. यांना जमते तर आपल्याला का जमू नये? श्रोत्यांतल्या पीटर हुक नावाच्या मुलाने दुसऱ्याच दिवशी आईकडून उसने पैसे घेऊन बेस गिटार विकत आणली. तोवर त्याने ते वाद्य हाती धरलेले नव्हते.

पंक म्हणजे एवढेच: कोणीही उठावे आणि वाजवावे. डेव्होटो व शेली यांच्या बझकॉक्स या चमूने जानेवारी १९७७ मध्ये सुमारे ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही छोटी तबकडी स्वतःच काढली. पुढे १९७८ साली स्क्रिटी पोलिटी या मंडळींनी आपल्या तबकडीच्या वेष्टनावर ती काढण्यास काय काय खर्च आला याचा हिशेबच छापला. वाण्याच्या वहीसारखा तो हिशेब मला कित्येक गाण्यांपेक्षा बोलका वाटतो. मोठ्या कंपनीच्या दारात उभे राहण्याचे कारण नाही, हे त्यात आकड्यांनिशी मांडलेले होते.

परंतु दार उघडले म्हणजे घरात काय करावयाचे हा प्रश्न उरतोच. दीड-दोन वर्षांत पंकचाही एक साचा झाला. तेच तीन स्वर-मेळ, तोच वेग, तोच आरडाओरडा. पिस्टल्सचा गायक जॉन लायडन १४ जानेवारी १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चमूबरोबर शेवटचे गायला आणि बाहेर पडला. कोणीही वाजवू शकतो हे ठरले; मग वाजवायचे काय? या प्रश्नाला १९७८ ते १९८४ या काळात जी उत्तरे मिळाली, ती सर्व मिळून पोस्ट-पंक. हा कालखंड सायमन रेनॉल्ड्स यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धरला आहे आणि तो मला पटतो. उत्तरे निरनिराळी असली तरी चांगल्या उत्तरांत एक समान धागा मला दिसतो. या मंडळींनी गाण्यात काही भरण्याऐवजी गाण्यातून काहीतरी काढून टाकले.

ही युक्ती त्यांनी उचलली जमैकाकडून. किंग्स्टन शहरातील किंग टबी हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. तयार गाण्याच्या ध्वनिफितीवरून तो आवाज काढून टाकी, गिटार मध्येच गायब करी, आणि मागे राहिलेल्या ढोल व बेसला लांबवर घुमणारा प्रतिध्वनी देई. यालाच डब म्हणतात. लंडनच्या रॉक्सी या पंक क्लबात १९७७ च्या आरंभी तबकड्या लावण्याचे काम डॉन लेट्स या कृष्णवर्णीय तरुणाकडे होते. पंकच्या तबकड्या अजून पुरेशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून तो जमैकन रेगे आणि डब लावी. गोऱ्या पोरांचे कान असे नकळत तयार झाले. ज्या वर्षांत इंग्लंडात काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध मोर्चे निघत होते आणि त्यांना उत्तर म्हणून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या सभा भरत होत्या, त्याच वर्षांत हे घडले. हे विसरून या संगीताचा इतिहास लिहिता येणार नाही.

आता डब्याकडे येतो. (डब आणि डबा यांचा संबंध केवळ कानाचा.) लायडनने नवा चमू काढला, पब्लिक इमेज लिमिटेड. त्याची 'मेटल बॉक्स' नावाची तबकडी २३ नोव्हेंबर १९७९ रोजी निघाली ती खरोखरीच पत्र्याच्या डब्यातून. चित्रपटाची रिळे ठेवतात तसा गोल, चपटा डबा. आत तीन तबकड्या इतक्या गच्च बसविलेल्या की, बाहेर काढताना त्यांना ओरखडे पडावेत. फराळाच्या डब्याचे अडलेले झाकण उघडताना ज्याने चमच्याचा दांडा वाकविला आहे, त्याला हा अनुभव लगेच कळेल. आत असलेले संगीतही तसेच. जा वॉबल याची बेस गिटार भिंत हलेल अशी खाली घुमत असते. कीथ लेव्हीनची गिटार काच ओरखडल्यासारखी वर कुठेतरी दूर. आणि मधला सगळा भाग मोकळा. त्या मोकळ्या जागेत लायडन विव्हळतो. 'स्वान लेक' नावाचे गाणे त्याने कर्करोगाने गेलेल्या आपल्या आईवर रचले आहे, आणि लेव्हीनची गिटार त्यात चायकोव्हस्कीच्या प्रसिद्ध बॅलेची धून मोडून-तोडून वाजविते. खाली नाचाचा ठेका, वर शोक. भाचा म्हणेल, पाहा, उदासच की! पण नाचता येईल असा शोक केवळ उदास नसतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात लीड्सच्या 'गँग ऑफ फोर'ने 'एंटरटेनमेंट!' काढली. जॉन किंग आणि अँडी गिल हे दोघे तेथील विद्यापीठात चित्रकलेचे विद्यार्थी. गिलला वाल्व्हच्या ध्वनिवर्धकाचा गोड, ऊबदार आवाज नको होता. त्याने कोरड्या आवाजाचा ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक पसंत केला. रॉकच्या रिवाजाप्रमाणे गाण्याच्या मध्यावर गिटारवाल्याने बोटांची करामत दाखवावयाची असते. त्या ठिकाणी गिल कधी कधी चक्क वाजविणेच थांबवी. ढोल आणि बेस चालू, आणि जेथे करामत यावयाची तेथे खड्डा! आपल्या बैठकीत गवई मात्राभर थांबून समेवर येतो तेव्हा अर्धा आनंद त्या थांबण्याचा असतो. गिलचे थांबणे मात्र तसे नव्हे. समेची हमी त्यात नाही. ऐकणाऱ्याने त्या खड्ड्यात डोकावून आपण कशाची वाट पाहत होतो हे स्वतःलाच विचारावे, असा त्याचा हेतू. या मंडळींचे राजकारण मला कधी कधी पाठ केल्यासारखे वाटते, हेही सांगून टाकतो. पण त्यांना टेलिव्हिजनवरील लोकप्रिय कार्यक्रमात गाण्यातला एक शब्द बदलण्यास सांगितले गेले, तेव्हा ते कार्यक्रम सोडून निघून गेले. पाठ केलेले राजकारण इतके महागात पडू देत नाहीत.

'द स्लिट्स' या मुलींच्या चमूची 'कट' ही तबकडीही सप्टेंबर १९७९ चीच. तिच्या वेष्टनावरील छायाचित्राविषयी दिवाळी अंकात न लिहिलेले बरे. चमू जमला तेव्हा गाणारी मुलगी चौदा वर्षांची होती. ध्वनिमुद्रणाचे काम बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या डेनिस बोव्हेल या डबच्या जाणकाराकडे होते. एका गाण्यात त्याने काड्यापेटी खुळखुळवली, काडी ओढली, चमचा पाडला, आणि हे सारे आवाज ठेक्यात बसविले. स्वयंपाकघरातले आवाज गाण्यात यावयाचे तर गाण्यात जागा हवी, आणि जागा त्यांनी ठेवली होती. ही तबकडी लावून कोणी उदास होऊन दाखवावे! माझ्या भाच्याने ती ऐकलेली नव्हती. पोस्ट-पंकच्या याद्यांत तिचे नाव असते, पण त्याच्या मनातल्या व्याख्येत ती बसत नसल्याने तो तिच्यावरून पुढे गेला होता. व्याख्या चुकली की असे नुकसान होते.

आता ते पांढरे डोंगर. मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या चमूने एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत 'अननोन प्लेझर्स' ध्वनिमुद्रित केली आणि जूनमध्ये ती फॅक्टरी या नव्या, हौशी संस्थेने प्रसिद्ध केली. वेष्टनावरील डोंगर म्हणजे डोंगर नव्हेत. १९६७ साली केंब्रिजच्या जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून दर सव्वा-दीड सेकंदाला नेमाने ठोका देणारा एक रेडिओ-स्रोत सापडला. हा पहिला पल्सार. त्या स्पंदांचा, एकाखाली एक रेघा मांडून काढलेला आलेख पुढे एका खगोलशास्त्रीय कोशात छापला गेला. चमूतील गिटारवादक बर्नार्ड समनरला तो आवडला आणि पीटर सॅव्हिल या चित्रकाराने काळ्यावर पांढरा असा तो वेष्टनावर घेतला. आमच्या आईला मी सांगितले की, नारायणगावजवळ खोडदला ज्या मोठाल्या जाळीदार तबकांची दुर्बीण आहे, तीही असलेच ठोके टिपते. तेव्हा त्या टी-शर्टावरचा तिचा राग थोडा उतरला.

या तबकडीचा खरा शिल्पकार ध्वनिमुद्रक मार्टिन हॅनेट. ढोलाचा प्रत्येक भाग त्याने निरनिराळा मुद्रित केला, नव्याने आलेल्या अंकीय यंत्रातून त्याला प्रतिध्वनी दिला, लिफ्टचा आवाज आणि काच फुटण्याचा आवाज त्यात घातला, आणि गिटार मागे लोटली. सरावात समनरच्या गिटारीपुढे हुकला आपले खालचे स्वर ऐकू येत नसत, म्हणून तो बेसवर वरचे स्वर वाजवू लागला होता. हॅनेटने केलेल्या मोकळ्या जागेत तेच स्वर गाण्याची मुख्य चाल होऊन बसले. हुक आणि समनर यांना त्या वेळी ही तबकडी मुळीच आवडली नाही. रंगमंचावर आम्ही दणकून वाजवितो, आणि यात तो जोर कोठे आहे, अशी त्यांची तक्रार. माझ्या मते त्यांचे गाऱ्हाणे खरे होते आणि हॅनेटचा निर्णयही खरा होता.

गायक इयान कर्टिस मॅकल्सफील्डच्या रोजगार कचेरीत अपंगांना काम मिळवून देण्याची नोकरी करी. तेथे येणाऱ्या अपस्माराने पीडित अशा एका मुलीवर त्याने गाणे लिहिले, आणि पुढे तोच विकार त्याला स्वतःला असल्याचे निदान झाले. १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३व्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपविले. चमू अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघण्याच्या बेतात होता. जुलैत दुसरी तबकडी 'क्लोजर' निघाली. तिच्या वेष्टनावर थडग्याचे छायाचित्र. ते त्याच्या मृत्यूपूर्वीच निवडलेले होते, तरी लोकांनी त्यात भविष्य वाचले. मग पहिल्या तबकडीतही वाचले. आणि हळूहळू त्या साऱ्या काळावरच सुतकाची छाया पडली. जी मोकळी जागा लीड्समध्ये प्रश्न होती आणि स्लिट्सकडे अंगण होती, ती सगळी आता स्मशान ठरली. मागे उरलेल्या तिघांनी 'न्यू ऑर्डर' हे नाव घेतले, चौथी सहकारी मिळविली, आणि १९८३ साली 'ब्लू मंडे' हे नाचाचे गाणे काढले. ही वस्तुस्थिती त्या सुतकात बसत नाही, म्हणून ती सहसा निराळ्या प्रकरणात टाकतात.

हे सर्व मी भाच्याला सांगितले. तो फराळाची बशी हातात धरून ऐकत होता. पटले असे काही म्हणाला नाही. मग मी माझी सर्वांत आवडती तबकडी लावली. कार्डिफच्या 'यंग मार्बल जायंट्स'ची 'कलॉसल यूथ', फेब्रुवारी १९८०. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे दोघे भाऊ आणि ॲलिसन स्टॅटन ही गाणारी. ढोलवाला नाहीच, ताल एका साध्या यंत्राचा, टिकटिक करणारा. बेस, तळव्याने दाबून वाजविलेली गिटार, कधी थोडा ऑर्गन, आणि शेजारीण कट्ट्यावर बसून बोलते तसा ॲलिसनचा आवाज. चार-पाच दिवसांत मुद्रण उरकले. वर्ष संपायच्या आत चमूही संपला. दुसरी तबकडी त्यांनी काढली नाही. तबकडी फिरत होती तोवर खोलीत कोणी बोलले नाही. आई पणत्यांच्या वाती वळीत ऐकत होती. दोन गाणी झाल्यावर तिने मान वर करून विचारले, "बाकीचे वाजवणारे अजून आले नाहीत का रे?"