किनाऱ्याच्या चित्रांत दुपार का नाही?

आज आपण किनाऱ्याची जुनी निसर्गचित्रं एका साध्या प्रश्नासाठी बघू. ही चित्रं दिवसाच्या कुठल्या वेळेची आहेत? चित्राला पुरावा मानायचं तर हे विचारावंच लागतं.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. मलबार हिल, शीवचा किल्ला अशा ठिकाणांहून त्यानं बेटाची दृश्यं टिपली. तो १७९५ मध्ये वारला आणि त्याची बारा दृश्यं १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईत होते. जागेवर रेखाटन करायचं, त्यासाठी कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायचा, अशी त्यांची रीत. त्यांची रंगीत छापील चित्रं मात्र लंडनमध्ये तयार झाली. म्हणजे रेघ इथल्या उन्हातली आणि रंग तिथल्या खोलीतला!

पुढे साहित्य बदललं. १८३५ च्या सुमारास ग्लिसरीन घातलेले, ओलसर राहणारे जलरंग विलायतेत मिळू लागले. १८४१ मध्ये जॉन रँडनं तैलरंगासाठी कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर तिथेच शिकले. त्यांच्या पिढीला रंगासकट सगळं चित्र जागेवर पुरं करणं शक्य झालं.

पण ऊन काही बदललं नाही. भर उन्हात कागदावर रंगाचा हात फिरवा, तो पसरायच्या आत वाळतो आणि नको तिथे कडा धरतो. पांढरा कागद डोळ्यांवर येतो. त्या झगमगाटात रंग फिके भासतात, म्हणून आपण ते गडद करत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. शिवाय माथ्यावर सूर्य असला की सावल्या पायाशी गोळा होतात, आकाराला उठाव राहत नाही. म्हणून शिकवण अशी, की सावलीत बसा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काम करा.

याचा परिणाम काय झाला, तो बघा. किनारा आपल्या मनात राहिला तो लांब सावल्यांचा, शांत, सोनेरी. पण कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळतात ते कडक उन्हात. मिठागरात मीठ धरतं तेही उन्हातच. त्या उन्हात बायामाणसं राबत होती, चित्रकार मात्र सावली गाठत होता. यात त्याला दोष द्यायचं कारण नाही. तो त्याच्या कागदाची मर्यादा पाळत होता.

मात्र आपण वाचताना सावध राहायला हवं. चित्रात माणसं निवांत दिसली म्हणून किनारा निवांत होता, असं म्हणता येणार नाही. ती वेळ निवांत होती, एवढंच चित्र सांगतं. दुपारची हकीकत आपल्याला मिठाच्या हिशेबांत, बाजाराच्या नोंदींत आणि कोळणींच्या आठवणींत शोधावी लागेल.