एका फुंकरीचे तेरा हजार आकडे

१९८८ सालची गोष्ट आहे. नागपुरात महाल भागातल्या एका वाड्यात आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम चालत असे. गणेशोत्सव तोंडावर आला होता. आमच्यातल्या एकाच्या भावाने दुबईहून कॅसिओ एसके-१ नावाचा छोटा कीबोर्ड आणला होता. त्यातच एक माइक बसवलेला होता. बटण दाबून त्यापुढे कसलाही आवाज करायचा आणि मग तोच आवाज पट्ट्यांवर वाजवायचा. कुणी खोकले, कुणी भुंकून पाहिले. शेवटी आमच्या बासरीवाल्या काकांनी एक पंचम फुंकला. मी पट्ट्या दाबू लागलो. मधल्या पट्टीवर बासरी, वरच्या पट्ट्यांवर पोराची शिट्टी आणि खालच्या पट्ट्यांवर भोंगा! सगळे हसले. काका मात्र म्हणाले, "आवाज तर माझाच आहे ना बे, पण फुंकर कुठे गेली?"

या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा कळले.

या तंत्राचे नाव सॅम्पलिंग, म्हणजे नमुना घेणे. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच. इथे मात्र इतकी शिते वेचायची की त्यांतून भात पुन्हा तयार झाला पाहिजे. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. माइक त्याचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि यंत्र ठरावीक वेळाने तो मोजून आकडा लिहून ठेवते. एसके-१ सेकंदाला सुमारे ९,३८० वेळा मोजत असे आणि त्यात जेमतेम १.४ सेकंदांचा आवाज मावत असे. म्हणजे काकांच्या पंचमाचे तेरा हजार आकडे झाले आणि प्रत्येक आकडा २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवला गेला.

मोजणी किती वेगाने करावी, याचा नियम हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९च्या लेखांतून पुढे आला. ज्या कंपनसंख्येचा नाद टिपायचा, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले पाहिजे. एसके-१मध्ये त्यामुळे साधारण ४,७०० कंपनांच्या वरचे काहीच उरत नव्हते. बासरीचा मूळ स्वर त्याच्या बराच खाली असतो, तो टिकला. पण फुंकरीची सळसळ त्याच्या पुष्कळ वरपर्यंत पसरलेली असते. ती कापली गेली. काकांच्या कानाने नेमके तेच हेरले होते. १९८२ साली आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी आणि ६५,५३६ पायऱ्या ठरल्या, त्या उगाच नव्हेत.

आता शिट्टीचे आणि भोंग्याचे कोडे. तेच आकडे दुप्पट वेगाने वाचले की स्वर एक सप्तक वर जातो. एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जायला वेग सुमारे ६ टक्के वाढवावा लागतो. पण स्वराबरोबर श्वास, कंप, सुरुवातीची फूत्कार सारेच घाईला येते. पुढच्या कीबोर्डांनी यावर उपाय केला. दर चार-दोन पट्ट्यांसाठी निराळा नमुना, हळू दाबले तर एक, जोरात दाबले तर दुसरा.

या कल्पनेची सुरुवात आकड्यांच्याही आधीची आहे. १९६३च्या इंग्लंडमधल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असे. पट्टी दाबली की आठेक सेकंद खरा वाद्यवृंद वाजे आणि फीत संपे. १९७९ साली सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांचा फेअरलाइट आला आणि फितीची जागा संगणकाच्या स्मृतीने घेतली. १९८१ साली अमेरिकेत इम्युलेटर आला. त्यानंतर पाचच वर्षांत कॅसिओने तेच तंत्र खेळण्याएवढ्या एसके-१मध्ये बसवले.

पट्ट्यांच्या वाद्याशी आपले भांडण मात्र जुने आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती १९७१ साली उठू लागली. नागपूर केंद्र सुरू झाले १९४८ साली, म्हणजे केंद्राची पहिली बावीस-तेवीस वर्षे पेटीविना गेली. आक्षेप दोन होते. पेटीवर मींड निघत नाही, आणि तिचे स्वर जागच्या जागी बांधलेले. तो आक्षेप खोटा नव्हता. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३०० कंपनांचा असतो. समान अंतरावर लावलेल्या पट्ट्यांवर तो ३०२.४ होतो. कीबोर्डलाही हेच लागू आहे. पण याच नागपुरात जन्मलेले पंडित मनोहर चिमोटे यांनी पेटीला भारतीय संगीताला साजेसे रूप दिले, ती गायकीच्या अंगाने वाजवली आणि तिला 'संवादिनी' हे नाव दिले. बंदीने जो प्रश्न सुटला नाही, त्याला वादकाने असे उत्तर दिले.

कीबोर्डवर कुणी बंदी घातली नाही. इथे उलटेच घडले. नव्वदच्या दशकात आमच्या ऑर्केस्ट्रात मोठा कीबोर्ड आला. त्यात बासरी होती, सतार होती, व्हायोलिनचा ताफाच्या ताफा होता. आधी दोन व्हायोलिनवाले गेले, मग अकॉर्डियन गेले. एका गणेशोत्सवात आम्ही काकांनाही बोलावले नाही. मंडळांचे बजेट तेवढेच होते आणि चार माणसांच्या बिदागीत एक माणूस काम भागवत होता. तो माणूस मी होतो. काकांच्या घरी जाऊन तसे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

आज कीबोर्डमधली बासरी फार सुरेख वाजते. यामाहाच्या पीएसआर-आय ४५५ सारख्या साध्या कीबोर्डमध्येही तबला, तंबोरा, सतार आहे. पण सॅम्पलिंग म्हणजे नव्याने घडवलेला नाद नव्हे. कुणीतरी, कुठल्यातरी स्टुडिओत, एकेका स्वराला खरी फुंकर घातलेली असते. पडद्यावर मात्र 'फ्लूट' एवढेच अक्षर उमटते. यंत्राला दोष देऊन काय होणार? पेटीला तरी कुठे दोष देता आला? पण ज्याचा श्वास आपण वापरतो, त्याची आठवण ठेवणे आपल्या हाती आहे.

काका आता नाहीत. माझ्याकडे शिकायला येणारी मुले बासरीचा आवाज लावून न थांबता वाजवत सुटतात, तेव्हा मी त्यांना प्रत्येक ओळीनंतर क्षणभर बोटे उचलायला लावतो. कशासाठी, असे ती विचारतात. कीबोर्डला दम लागत नाही, पण बासरीवाल्याला लागतो, एवढेच मी त्यांना सांगतो.