गिरणगावात आपली माणसं रुजली ती कशी?



आपले आजे-पणजे कोकणातनं, घाटावरनं मुंबईला आले ते पोटासाठी. गोदी, रेल्वे, म्युनिसिपालटी आणि गिरणी, जिथं काम मिळालं तिथं ते लागले. पण गिरणीतही जात आडवी आलीच. साचेखात्यात पगार जास्त, तिथं आपल्याला मज्जाव. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ व्हायचा! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

हा कामाचा इतिहास सांगितला जातो. संध्याकाळचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. पाळी सुटल्यावर माणसानं जायचं कुठं? बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात माणसं दाटीवाटीनं. बाहेर दारूचा गुत्ता आणि जुगाराचा अड्डा हात पसरून उभे. गावाहून आलेला तरणा पोरगा तिकडे वळायला किती वेळ लागतो?

बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं. २० जुलै १९२४ ला स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालयं, सामाजिक केंद्रं आणि अभ्यासवर्गही होते. सभेनं ४ जानेवारी १९२५ ला सोलापूरला वसतिगृह काढलं, मुंबईत मोफत वाचनालय चालवलं, आणि हॉकी क्लबसुद्धा काढला! होय, हॉकी क्लब. तरुणांचं मन दारू-जुगारापासून दूर राहावं, हाच त्यामागचा हेतू. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरला खेळ ही फालतू गोष्ट वाटली नाही, हे आपण ध्यानात ठेवायला हवं.

पुढे समता सैनिक दल आलं. ज्यांना गावात मान खाली घालून चालावं लागे, ती पोरं चाळीच्या मैदानात छाती काढून कवायत करू लागली. मग जलसे आले. सत्यशोधक जलशांची परंपरा होतीच. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तिच्यातून आंबेडकरी जलसा उभा केला. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्यालाही गाण्या-वगातनं चळवळ कळली.

वामनदादा कर्डकांचंच पाहा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत येऊन गिरणीत राबला, समता सैनिक दलात गेला आणि मोठेपणी इथंच अक्षरं शिकला. १९४३ पासून गाणी रचू लागला. शहरानं त्यांना मजुरी दिली, पण माणसात आणलं ते वस्तीनं आणि चळवळीनं.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आणखी एक प्रश्न आला. जुने देव सुटले, जत्रा सुटल्या. मग पोराबाळांना सण कुठला? आपल्या मंडळांनी तो घडवला. भीमजयंतीची मिरवणूक, लेझीम, कबड्डीचे सामने, रात्रीचे गायनपार्ट्यांचे मुकाबले, बुद्धपौर्णिमेची खीर, वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन. ह्यात आपल्या माताभगिनींचा वाटा मोठा. घरातनं विहारात आलेली बाई आधी वंदनेला बसली, मग मंडळाची सभा चालवू लागली.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. काम गेलं तरी वस्ती उभी राहिली, कारण माणसं एकमेकांना नुसती कामावरची म्हणून ओळखत नव्हती.

आता चाळीही जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे, हक्काचं आहे! पण टॉवरला लांब गॅलरी नसते, दारं बंद असतात. वरच्या मजल्यावरचा पोरगा खाली कशासाठी उतरेल, ह्याचा विचार आज नाही केला तर घर मोठं आणि वस्ती लहान होईल.

म्हणून विनंती एवढीच, की विहार फक्त पौर्णिमेला उघडू नका. रोज संध्याकाळी तिथं दिवा लागू द्या. अभ्यासिका, कॅरम, गाण्याचा वर्ग, जे जमेल ते चालवा. १९२४ साली आपल्याजवळ काहीच नव्हतं, तरी वाचनालय निघालं. आज निदान हॉल तरी आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!