लिनक्स कर्नलमधील ‘डर्टी काऊ’ : एका दुरुस्तीचा इतिहास (२००५-२०१७)

घणसोली गावाच्या परिसरातील रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून ज्या जिओ कंपनीचा कारभार चालतो, तिची व्यापारी सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली. त्या वेळच्या अँड्रॉइड फोनांच्या मुळाशी असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये ‘डर्टी काऊ’ हा दोष दडलेला होता.

केवळ वाचता येणारी फाइल मेमरीत घेऊन तिच्यावर लिहू पाहिल्यास कर्नल तिची खाजगी प्रत करून देतो. परंतु एक थ्रेड लिहीत असतानाच दुसऱ्याने ती प्रत टाकून दिली, तर नेमक्या क्षणी लेखन मूळ फाइलवर होत असे. सामान्य वापरकर्त्यास यातून सर्वाधिकार मिळू शकत. ही ‘रेस कंडिशन’ लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच हेरली होती. पण त्यांची दुरुस्ती आयबीएमच्या एस-३९० यंत्रांवरील अडचणीमुळे मागे घेतली गेली. मागे घेणे समजण्याजोगे होते. ती अकरा वर्षे तशीच राहणे मात्र नव्हे. दरम्यान कर्नलची मेमरीव्यवस्था सुधारली आणि केवळ तात्त्विक भासणारी शर्यत सहज घडवता येऊ लागली.

फिल ओस्टर यांना सर्व्हरवरील हल्ल्याच्या नोंदींत ती सापडली. ऑक्टोबर २०१६ मध्ये टोरवाल्ड्स यांनीच, प्रत झाल्याची स्वतंत्र खूण ठेवून, ती दुरुस्त केली. मोठ्या मेमरी-पृष्ठांबाबत हाही उपाय अपुरा ठरला व २०१७ मध्ये आणखी एक दुरुस्ती करावी लागली.